अण्णांची निळी कॅप्सूल

‘मॅडम, नमस्कार. मी अंबड तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षिका आहे. आमचे अण्णा 63 वर्षांचे. मोसंबीची बाग आहे, अजून रोज बागेत जातात. 11 वर्षांपासून शुगर आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडची एकत्र गोळी सकाळ-संध्याकाळ चालू होती. माझा चुलतभाऊ संभाजीनगरला जिमला जातो. त्यानं ‘व्हॅनॅडिल सल्फेट 10 मिग्रॅ’ लिहिलेली बाटली आणून दिली, दिवसाला तीन घ्या म्हणाला. अण्णा पाच आठवड्यांपासून घेतायत. उपाशीपोटीची शुगर 190 वरून 138 वर आली. मग त्यांनी संध्याकाळची गोळी परस्पर बंद केली. पण पोट बिघडलंय, दिवसातून तीन-चार वेळा पातळ होतं, जेवण कमी झालंय, वजन तीन किलो उतरलंय. गेल्या वर्षी क्रिएटिनिन 1.4 होतं. परवा आईनं ओल्या हातानं कॅप्सूल काढून दिली तर ती फुटली आणि आईची बोटं निळी झाली, बागेवर मारायच्या मोरचुदासारखी! आई घाबरली, अण्णा हसले. म्हणाले, फ्रान्सच्या डॉक्टरांनी शंभर वर्षांपूर्वी हेच दिलं होतं. बाटलीवर लिहिलंय की जमिनीतली खनिजं संपल्यामुळे शरीरात याची कमतरता होते. धाकटा भाऊ जालन्याला स्टीलच्या कारखान्यात आहे. तो म्हणतो, हे लोखंडात घालतात, माणसानं कशाला खायचं? आईलाही आता शुगर निघाली आहे, अण्णा तिला अर्धी घे म्हणतायत. हे सगळं खोटं असेल तर शुगर कशी उतरली? आणि खरं असेल तर डॉक्टर हे औषध का देत नाहीत?’

ताई, नमस्कार.

तुमचे शेवटचे दोन्ही प्रश्न बरोबर आहेत, आणि त्यांचं नीट उत्तर अण्णांना मिळायलाच हवं. पण आधी आज काय करायचं ते सांगते. बाकीचं वाचायला रात्र आहे.

कॅप्सूल आजपासून बंद. ती हळूहळू कमी करत आणायची गरज नाही. बाटली मात्र फेकू नका, पिशवीत घालून अण्णांसोबत त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. उद्याच जा, बाजाराच्या दिवसाची वाट बघू नका. सकाळच्या गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना आजच फोनवर विचारा, आणि संध्याकाळची बंद केलेली गोळी स्वतःच्या मनानं पुन्हा चालू करू नका. कारण असं: जुलाब होतायत, जेवण तुटलंय, क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, आधीच वर होतं. अशा वेळी मेटफॉर्मिन काही दिवस थांबवावी लागते का, हे मूत्रपिंडाची ताजी तपासणी बघून ठरवतात. ग्लिमेपिराइडचं दुखणं वेगळंच. ही गोळी घेतली आणि भाकरी पोटात गेली नाही तर शुगर फार खाली जाते. त्यात कॅप्सूलमधला व्हॅनेडियम नावाचा धातू शरीरातून एका दिवसात निघून जात नाही, त्याचा थोडा परिणाम मागे रेंगाळतो. अण्णांना दरदरून घाम आला, हात थरथरले, बोलण्यात गोंधळ वाटला, तर ग्लुकोमीटर लावा. आकडा 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात कालवून लगेच पाजा आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. यंत्र हाताशी नसेल तर शोधत बसू नका, साखर आधी. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना.

जुलाबाला ओआरएस चालू करा. आणि एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही पण मला विचारायची आहे. अण्णा गुडघ्यासाठी, कमरेसाठी मेडिकलमधून एखादी दुखण्याची गोळी आणून घेतात का? बागेत राबणाऱ्या 63 वर्षांच्या माणसाकडे ती नसेल तर मला नवल वाटेल. ती सध्या पूर्ण बंद. पाणी कमी झालेल्या शरीरात त्या गोळ्या मूत्रपिंडाला आणखी त्रास देतात. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर तेही डॉक्टरांना आठवणीनं सांगा.

आता अण्णांकडे वळते. त्यांना बाजूला बसवून हे वाचून दाखवलंत तरी चालेल.

अण्णा म्हणतात ते खरं आहे. 1899 साली फ्रान्समधल्या लिओनेट, मार्ट्झ आणि मार्टिन या डॉक्टरांनी सोडियम मेटाव्हॅनेडेट नावाचा व्हॅनेडियमचा क्षार साठेक रुग्णांना देऊन पाहिला. त्यांत तिघे मधुमेहाचे होते, आणि त्यांपैकी दोघांच्या लघवीतली साखर काही काळ कमी झाली. इन्सुलिन माणसाला पहिल्यांदा टोचलं गेलं ते 1922 च्या जानेवारीत, टोरोंटोला. म्हणजे त्याच्या 22-23 वर्षं आधीची ही गोष्ट. पुढे 1985 साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात हेलिगर, ताहिलियानी आणि मॅकनील यांनी मधुमेह केलेल्या उंदरांच्या पिण्याच्या पाण्यात व्हॅनेडेट मिसळलं. त्या उंदरांची शुगर जवळजवळ निरोगी उंदरांइतकी खाली आली, अंगात इन्सुलिन कमीच असताना. हृदयाचं कामही सुधारलं. त्या निबंधानं जगभरच्या प्रयोगशाळा कामाला लागल्या. तेव्हा ‘कुठलं तरी थोतांड घेऊन बसलात’ असं अण्णांना कोणी म्हटलं असेल, तर ते म्हणणं चुकीचं होतं.

आईच्या बोटांना लागलेला निळा रंग कोणी वरून घातलेला नसावा, तो त्या क्षाराचाच असतो. अकरावी-बारावीला आम्हाला प्रयोगशाळेत सरांनी एकदा दाखवलं होतं, ते मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. चंचुपात्रात व्हॅनेडियमचं पिवळं धम्मक द्रावण, त्यात आम्ल आणि जस्ताचे तुकडे. जस्त फसफसायला लागलं की पिवळ्याचं आधी हिरवट आणि मग स्वच्छ आकाशी निळं. थोड्या वेळानं निळ्याचं हिरवं. आणि तास संपता संपता जांभळं. धातू एकच, दर पायरीला एकेक इलेक्ट्रॉन घेत रंग बदलणारा. 1830 मध्ये स्वीडनच्या सेफस्ट्रोमनं या रंगांवरूनच त्याला त्यांच्याकडच्या सौंदर्याच्या देवीचं, व्हॅनाडिसचं नाव दिलं. (त्याच्या 29 वर्षं आधी मेक्सिकोत देल रिओनं तो शोधला होता, पण लोकांनी शंका घेतल्यावर स्वतःचा दावाच मागे घेतला. मला त्या माणसाबद्दल फार वाईट वाटतं.) अण्णांच्या कॅप्सूलमधलं ‘व्हॅनॅडिल’ म्हणजे ती निळी पायरी. ‘व्हॅनेडेट’ म्हणजे त्याच्या वरची. शरीरात गेल्यावर ही दोन रूपं एकमेकांत बदलत राहतात, म्हणून ‘हे दुसरं आहे, हे सौम्य आहे’ या म्हणण्याला फारसा अर्थ उरत नाही.

हे शुगर कसं उतरवतं? इथं अण्णांच्या ओळखीची गोष्ट घेते. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावरून चारीला पाणी सुटतं तेव्हा दार उघडायला पाटकरी येतो. रक्तातली साखर हे पाणी, पेशी म्हणजे शेत, आणि इन्सुलिन हा पाटकरी. त्यानं दार उचललं की पाणी शेतात. पण त्याच्या मागोमाग दुसरा एक माणूस फिरत असतो, त्याचं काम दार खाली पाडायचं. तो हवाच, नाहीतर शेताचं चिबड होईल. आपल्या पेशीत हे बंद करण्याचं काम फॉस्फटेज नावाची प्रथिनं करतात. इन्सुलिन पेशीला टेकलं की आतल्या प्रथिनांवर फॉस्फेटचे शिक्के बसतात आणि दार उघडतं. फॉस्फटेज ते शिक्के पुसतं आणि दार पडतं. अण्णांना आहे त्या मधुमेहात पाटकरी येतो, पण गंजलेलं दार त्याला पुरतं उचलत नाही, आणि उचललं तरी लवकर पडतं.

व्हॅनेडेट दिसायला फॉस्फेटसारखं असतं. इतकं, की फॉस्फटेजला ते फॉस्फेटच वाटतं. ते त्याच्या मुठीत जाऊन बसतं आणि मूठ अडकून राहते. दार पाडणाऱ्याचा हातच धरला म्हणा ना. मग पाटकऱ्यानं थोडंसं उचललेलं दारही जास्त वेळ उघडं राहतं. इस्रायलमधल्या शेख्टर आणि कार्लिश यांनी 1980 मध्ये उंदरांच्या चरबीच्या पेशींवर व्हॅनेडेटचा हा इन्सुलिनसारखा परिणाम दाखवला. पुढच्या संशोधनात त्याचं कारण मुख्यतः हे फॉस्फटेज असल्याचं उलगडत गेलं.

ऐकायला किती छान आहे! पण हातच धरायचा म्हटलं तर तो फक्त आपल्या चारीवरच धरला जाईल असं कोणी सांगितलं? फॉस्फेट लावणं आणि काढणं यावर शरीराची शेकडो कामं चालतात. पेशीनं वाढायचं कधी, दुभंगायचं कधी, थांबायचं कधी, सगळीकडे हेच शिक्के. व्हॅनेडियमला अंबड आणि घनसावंगी वेगळं कळत नाही. जिथं फॉस्फेटची जागा दिसेल तिथं ते शिरतं.

याचा एक मोठा पुरावा तर अपघातानंच हाती लागला. 1977 मध्ये अमेरिकेत हार्वर्डला कँटली आणि त्यांचे सहकारी पेशीतून सोडियम बाहेर टाकणाऱ्या पंपावर काम करत होते. घोड्याच्या स्नायूंपासून काढलेलं एटीपी, म्हणजे या पंपाचं इंधन, विकत आणून वापरलं की पंप मंदावायचा, दुसऱ्या प्रकारचं वापरलं की नीट चालायचा. त्या एटीपीत भेसळ म्हणून किंचितसं व्हॅनेडेट आलं होतं, आणि तेवढ्यानं पंप अडत होता. हा पंप आपल्या प्रत्येक पेशीत आहे, आणि मूत्रपिंडात तर त्याच्याच जिवावर मीठ-पाण्याचा सगळा हिशोब चालतो. जिवंत पेशीत व्हॅनेडेटचं बरंचसं निळ्या रूपात बदललं जातं म्हणून पंप तसा थेट बंद पडत नाही, हे खरं. पण म्हणून मूत्रपिंड सुटतं असं नाही. शरीरात शिरलेलं व्हॅनेडियम साठतं ते मुख्यतः मूत्रपिंडात, यकृतात आणि हाडांत. हाडं तर फॉस्फेटचीच, तिथं ते मुक्काम करतं आणि औषध थांबवल्यावरही हळूहळू सुटत राहतं.

म्हणून ताई, तुमच्या ‘खरं की खोटं’ला माझं उत्तर असं आहे: औषधाचा गुण आणि विषाचा अवगुण हे या धातूत दोन वेगळे भाग नाहीत. जी गोष्ट शुगर उतरवते तीच बाकीचं बिघडवते. मग शुगर उतरली म्हणजे आत सगळं ठीक आहे, असं कसं म्हणता येईल?

आणि अण्णांची शुगर खरंच व्हॅनेडियमनंच उतरली का? थोडी उतरली असेलही. पण तुमचंच पत्र पुन्हा वाचा. जेवण कमी झालं, जुलाब होतायत, वजन तीन किलो गेलं. पाच आठवडे कोणाही शुगरवाल्याचं जेवण असं तुटलं तर उपाशीपोटीचा आकडा खाली येतो, कॅप्सूल असो वा नसो. हा प्रश्न संशोधकांनाही पडला. व्हॅनेडियम दिलेले उंदीर कमी खात होते, कमी पीत होते, त्यांना जुलाब होत होते, काही मरतही होते. मग साखर औषधानं उतरली की उपासमारीनं, यावर वर्षानुवर्षं वाद झाला. स्पेनमधल्या दोमिंगो यांचा गट हे ठामपणे मांडत राहिला की ज्या मात्रेला शुगर उतरते त्याच मात्रेला विषबाधाही दिसते. मला त्यांचं म्हणणं पटतं. साखर उतरणं आणि माणूस खंगणं यांत फरक आहे, आणि ग्लुकोमीटरच्या पट्टीला तो कळत नाही.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी बीड जिल्ह्यातले एक मास्तर यायचे, निवृत्त. त्यांनी कुठलीशी पूड घेऊन इन्सुलिन सोडलं होतं. वहीत रोजचे आकडे लिहून आणले, टापटीप, खाली लाल रेघ मारून. आकडे खरंच उतरत होते. पण त्यांचा पट्टा दोन भोकं आत गेला होता आणि ते मला दाखवायला त्यांना आठवलंच नव्हतं, त्यांच्या पत्नीनं दाखवलं. ती पूड व्हॅनेडियमची नव्हती, तिच्यात काय होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. तेव्हापासून कोणी शुगर उतरली म्हणून हसत आलं की मी आधी पट्टा बघते.

डॉक्टर हे का देत नाहीत, ते आता सांगते. माणसांवर प्रयोग झाले नाहीत असं नाही. 1995 नंतरच्या सहा-सात वर्षांत अमेरिकेत बरेच झाले. एका प्रयोगात सहा जणांना दिवसाला 100 मिग्रॅ व्हॅनॅडिल सल्फेट तीन आठवडे दिलं. दुसऱ्यात आठ जणांना तेवढंच, चार आठवडे. 2000 साली 16 जणांना 75 ते 300 मिग्रॅपर्यंत, सहा आठवडे. इन्सुलिनला शरीर थोडं जास्त जुमानायला लागलं, काहींची उपाशीपोटीची शुगर काही प्रमाणात उतरली. आणि जवळजवळ प्रत्येक प्रयोगात पोटदुखी, मळमळ, जुलाब. आठ जणांच्या त्या प्रयोगात सहा जणांचं पोट पहिल्या आठवड्यातच बिघडलं होतं. सहा, आठ, सोळा ही माणसं, आणि मुदत आठवड्यांची. अण्णांना गोळी घ्यायची आहे पुढची वीस-पंचवीस वर्षं. 2008 मध्ये या विषयावरचं सगळं संशोधन गोळा करून इंग्लंडमधल्या अभ्यासकांनी चाळून पाहिलं, तर खरं औषध आणि लुटुपुटूची गोळी यांची पुरेशा रुग्णांवर नीट तुलना केलेला एकही प्रयोग त्यांच्या कसोटीला उतरला नाही. मधुमेहात हे नेहमीच्या वापरात आणू नये, असा त्यांनी निष्कर्ष काढला.

तरी शास्त्रज्ञांनी प्रयत्न सोडला नाही, याचं मला कौतुक आहे. साधा क्षार आतड्यातून जेमतेम शंभरातले पाच भागही रक्तात जात नाही, बाकीचा तिथंच आग करत पुढं सरकतो. म्हणून व्हँकुव्हरच्या मॅकनील आणि ऑर्विग यांनी त्याला सेंद्रिय रेणूंचं आवरण घालून नवी संयुगं केली, म्हणजे कमी मात्रेत जास्त शोषलं जाईल. त्यातलं बीईओव्ही नावाचं संयुग माणसांवरच्या चाचणीच्या दुसऱ्या टप्प्यापर्यंत पोचलं. सुरुवात चांगली होती. मग काही रुग्णांच्या मूत्रपिंडांच्या तक्रारी पुढे आल्या आणि काम थांबलं. इतक्या काळजीनं, मोजून-मापून बनवलेलं, तपासण्या होत असलेल्या रुग्णांना दिलेलं संयुग जिथं अडलं, ती जागा मूत्रपिंड होती. आणि अण्णांचं क्रिएटिनिन 1.4. 63 वर्षांच्या पुरुषात याचा अर्थ मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता साधारण 56 च्या आसपास, म्हणजे 60 च्या खाली. हा आकडा गेल्या वर्षीचा, कॅप्सूलच्या आधीचा.

कॅन्सरवर, काही जंतूंवरही व्हॅनेडियमची संयुगं तपासली जातायत. ते सगळं अजून काचेच्या नळीत आणि प्राण्यांत आहे. त्यावर कोणी काही विकायला आलं तर दारातूनच परत पाठवा.

अण्णा कदाचित म्हणतील, मग शंभर वर्षांत यांना एक औषध पुरं करता आलं नाही का? त्यांना मेटफॉर्मिनची गोष्ट सांगा, ते स्वतः 11 वर्षं ती घेतायत. तिच्या घराण्यातली सुरुवातीची रसायनं यकृताला आणि मूत्रपिंडाला बाधायची, म्हणून टाकून दिली गेली. मेटफॉर्मिन पहिल्यांदा तयार झालं 1922 मध्ये. फ्रान्सच्या जाँ स्तेर्न यांनी मधुमेहाच्या रुग्णांवर वापरून लिहिलं ते 1957 मध्ये. अमेरिकेनं परवानगी दिली 1994 च्या अखेरीस. त्या सगळ्या वर्षांत कोणी ना कोणी मात्रा मोजत होतं, कोणाला देऊ नये ते लिहून ठेवत होतं. म्हणून आज ती गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते आणि कधी थांबवायची हेही आपल्याला नेमकं ठाऊक आहे. व्हॅनेडियमचं तसं झालेलं नाही. ते अर्धवट राहिलेलं औषध आहे, आणि ते पुरं करण्याचा प्रयोग आपल्या अण्णांच्या मूत्रपिंडावर व्हायला नको.

आता बाटलीकडे बघू. 10 मिग्रॅ हे वजन व्हॅनॅडिल सल्फेटचं. त्यात निव्वळ धातू किती, हे त्या क्षारात पाणी किती बांधलेलं आहे त्यावर ठरतं. साधारण 2 ते 3 मिग्रॅ धरा. तीन कॅप्सूल म्हणजे रोज 6 ते 9 मिग्रॅ. अमेरिकेच्या तज्ज्ञ मंडळानं 2001 मध्ये मोठ्या माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा घातली ती 1.8 मिग्रॅ, आणि ती कशाच्या आधारावर? उंदरांच्या मूत्रपिंडाला झालेल्या इजेच्या. म्हणजे एकाच कॅप्सूलला मर्यादा ओलांडली जाते, तिनांना तीन ते पाच पट. आपल्या रोजच्या खाण्यातून हा धातू पोटात जातो तो मिलिग्रॅममध्ये नाही, मायक्रोग्रॅममध्ये मोजायचा, तोही शंभराच्या आतच. मिरे, शेपूचं बी, अळिंबी यांत तो जरा जास्त असतो. ते खुशाल खा.

‘जमिनीतली खनिजं संपली’ हे वाक्य वाचून मला राग आला. व्हॅनेडियमच्या कमतरतेनं माणसाला अमुक आजार होतो, असं आजवर सिद्ध झालेलं नाही. आणि जमिनीचंच म्हणाल तर आपली काळी रेगडी बेसाल्टच्या कातळाची झिजून झालेली, आणि बेसाल्टात हा धातू ग्रॅनाइटपेक्षा कितीतरी जास्त असतो. मराठवाड्याच्या जमिनीत पाणी कमी आहे, सेंद्रिय कर्ब कमी आहे, त्यावर बोला. व्हॅनेडियमसाठी आपल्याला बाटली नको. त्या बाटलीवर एफएसएसएआयचा 14 आकडी परवाना क्रमांक आहे का ते बघा. पूरक आहाराच्या अशा डबीवर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची ओळ असावी लागते, तीही शोधा. सापडली तर अण्णांच्या पुढ्यात धरा. आणि मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला आपल्याकडे 1954 च्या कायद्यानं बंदी आहे. जिमवाल्या चुलतभावावर मात्र ओरडू नका. व्यायाम करणारी पोरं हे स्नायू फुगावेत म्हणून घेतात. त्यानं काकांच्या काळजीपोटीच आणलं. त्यानं स्वतःही ते थांबवावं, एवढं त्याला माझ्या नावानं सांगा.

धाकट्या भावाचं बरोबर आहे. जगातलं जवळजवळ नव्वद टक्के व्हॅनेडियम पोलाद कणखर करायला जातं. पण लोखंडात घालतात म्हणून खायचं नाही, हे काही कारण नव्हे. लोह आणि जस्त आपण खातोच. त्याच्या कामी येईल असं एक सांगते: व्हॅनेडियम पेंटॉक्साइड नावाची पिवळट-तांबूस पूड किंवा तेलावर चालणाऱ्या बॉयलरची राख श्वासातून गेली तर खोकला, छातीत घरघर आणि कधी जीभ हिरवट होणं असा त्रास होतो. कर्करोगावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं पेंटॉक्साइडला ‘माणसात कर्करोग करू शकेल’ अशा गटात ठेवलंय. त्याच्या कारखान्यात अशी सामग्री हाताळत असतील तर साधा रुमाल पुरत नाही, धुळीचा योग्य मास्क मागून घ्यावा.

आईंना अर्धी नाही आणि पावही नाही. त्यांना शुगर नवी निघाली आहे, म्हणजे योग्य गोळी, जेवण आणि चालणं यांचा सगळ्यात चांगला उपयोग होण्याचा हाच काळ. आयुष्मान आरोग्य मंदिरात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात असंसर्गजन्य आजारांची नोंद होते, तिथं त्यांचं कार्ड काढा.

डॉक्टरांकडे गेल्यावर अण्णांचं क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, लघवीतलं अल्ब्युमिन, यकृताची तपासणी, हिमोग्लोबिन आणि एचबीए1सी एवढं करायला सांगा. एचबीए1सी तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, त्यामुळे त्यात या पाच आठवड्यांची आणि त्याआधीच्या दिवसांची सरमिसळ असेल, तेवढं लक्षात ठेवून आकडा वाचायचा. क्रिएटिनिन 1.4 च्या वर गेलेलं निघालं तर मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना दाखवा, संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात ती सोय आहे. आठवडाभर रोज उपाशीपोटी आणि जेवल्यावर दोन तासांनी शुगर तपासून लिहा. कॅप्सूल थांबल्यावर आणि जेवण सुधारल्यावर आकडा वर चढेल. तेव्हा अण्णा म्हणतील, ‘बघा, मी म्हणत होतो.’ त्यावर वाद घालू नका. आकडा चढणार हे मी आधीच लिहून ठेवलंय, हे पान त्यांना दाखवा, आणि त्या चढावर गोळीची मात्रा डॉक्टर नव्यानं बसवतील हे सांगा.

एक विचारून बघाल का? 11 वर्षं गोळ्या घेणारा माणूस अचानक बाटलीकडे का वळला? माझ्या अनुभवात याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. दर वेळी दवाखान्यात आकडा वाढलेला निघतो, दर वेळी एक गोळी वाढते, आणि ‘पथ्य पाळत नाही’ म्हणून बोलणी बसतात. मग कोणी तरी प्रेमानं काही आणून देतं आणि पहिल्यांदाच आकडा खाली येतो. माणूस हसतो. ते हसू मला कळतं. उपाशीपोटी 190 हे त्यांच्या जुन्या गोळ्या कमी पडत असल्याचं लक्षण होतं, आणि त्यावर आज चांगली, मूत्रपिंडालाही सांभाळणारी औषधं आहेत. एसजीएलटी2 गटाची, म्हणजे जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकणारी, गोळी अण्णांना चालेल का, हे तपासण्या आल्यावर आणि जुलाब पूर्ण थांबल्यावर डॉक्टरांना जरूर विचारा. जेनेरिक घेतलीत तर जनऔषधी केंद्रात ती बरीच स्वस्त पडते.

तपासण्यांचे आकडे आले की मला लिहा. आणि अण्णांचं वजन दर रविवारी, एकाच काट्यावर.